फोंड्यातला भाड्याचा फ्लॅट आणि पावसाळा २०२५ : ओल आवरण्याच्या नोंदी

२० एप्रिल २०२५, रविवार

जागा गोव्यातल्या फोंड्यात, कुर्टीच्या बाजूला. चार मजली इमारतीतला दुसरा मजला, दोन बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर. अकरा महिन्यांचा करार परवा पुन्हा केला, म्हणजे यंदाचा पावसाळाही इथेच काढायचा. गेल्या पावसाळ्यात पश्चिमेच्या बेडरूमची खिडकीखालची भिंत पोपडे धरून सोलली. कपाटातल्या साड्यांना लागलेला कुबट वास दिवाळीपर्यंत गेला नाही. नवऱ्याच्या बाजाच्या पेटीच्या (हार्मोनियमच्या) पट्ट्या फुगून अशा बसल्या की दाबलेल्या वर येईनात. भजनाला दुसऱ्याची पेटी मागून न्यावी लागली, ते त्याला अजून सलतं.

म्हणून यंदा आधीपासून लिहून ठेवत काम करायचं ठरवलं. खर्चाची मर्यादा चार हजार. घरमालकीणबाईंच्या अटी सोप्या आहेत: भिंतीला भोकं पाडायची नाहीत, आपल्या मनाने रंग लावायचा नाही, बाहेरून काही ठोकायचं नाही. एसीला करारातच मनाई आहे, आणि नसती तरी परवडला नसता.

डिह्युमिडिफायरची, म्हणजे हवेतली ओल ओढणाऱ्या यंत्राची, चौकशी केली. घरभर पुरेल असं यंत्र दहा हजारांच्या वरच आहे. शिवाय ते चालवायचं तर दारं-खिडक्या घट्ट बंद हव्यात. आमच्या सरकत्या खिडक्या बंद असतानाही फटीतून वारा शिट्टी वाजवतो. यादीतून बाद.

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. इथले पेपर अजून इंचांत मोजतात, शंभरी गाठली की मोठी बातमी. तेव्हा हवा कोरडी करायचा विचार नंतर. आधी बघायचं की आमच्या घरात पाणी येतं कुठून आणि किती.

४ मे, रविवार

दोन आर्द्रतामापक मागवले, दोन्ही मिळून ५२० रुपये. टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तर एक म्हणतो ६८, दुसरा म्हणतो ७५. खरं कोण बोलतो ते मिठाने कळतं. स्टीलच्या झाकणात दोन चमचे मीठ घ्यायचं, त्यात थेंब थेंब पाणी घालायचं, इतकंच की मीठ ओलं दिसावं पण विरघळून जाऊ नये. ते झाकण आणि दोन्ही मापक मोठ्या हवाबंद डब्यात घालून रात्रभर ठेवायचे. मीठ आणि पाणी असं एकत्र असलं की डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, आपल्याकडच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात तो आकडा हलत नाही म्हटलं तरी चालेल. सकाळी एक ७१ दाखवत होता, दुसरा ७८. पहिल्याच्या पाठीवर पट्टी लावून +४ लिहिलं, दुसऱ्याच्या पाठीवर −३. यापुढचे सगळे आकडे दुरुस्त करून लिहीन.

पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं त्याचं कारणही हेच. हवा ७५ च्या वर गेली की मीठ तिच्यातलं पाणी ओढून घेतं. आगरातलं जाडं मीठ त्याच्याही आधी पाझरतं, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार राहिलेले असतात. सासूबाई दरवर्षी पुरुमेंताबरोबर (पावसाळ्यासाठीच्या साठवणीबरोबर) आगरवाड्याच्या मिठाची पिशवी पाठवतात. ती पिशवी यंदा आमचा तिसरा मापक.

१० मे, शनिवार

पश्चिमेची खिडकी. आजचा अख्खा दिवस तिच्यावर गेला, आणि तो सत्कारणी लागला असं आत्ताच लिहून ठेवते.

ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीला खाली रूळ असतो. तिरपा पाऊस काचेवर आपटतो, ओघळून रुळात साचतो, आणि ते पाणी बाहेर पडावं म्हणून रुळाच्या बाहेरच्या अंगाला छोटी आडवी भोकं ठेवलेली असतात. आमच्या खिडकीची भोकं दिसतच नव्हती. साफ करण्याआधी अर्धा मग पाणी रुळात ओतून पाहिलं. पाणी हळूहळू चढलं, आतल्या काठावरून ओसंडलं आणि भिंतीवरून खाली आलं, नेमकं गेल्या वर्षी पोपडे धरलेल्या जागी. भिंत बाहेरून पाझरते, इमारतच जुनी, असं घरमालकीणबाई फोनवर सांगत होत्या. भिंतीचा दोष असेलही, पण आधी या रुळाचा.

जुना टूथब्रश, मग लोकरीची सुई, शेवटी छत्रीची मोडकी काडी. आतून निघालं ते असं: रंगाचे वाळलेले थर, बांधकामाच्या वेळचं सिमेंट, मुंग्यांनी आणलेली माती आणि एक वाळून कडक झालेली पाल. चारपैकी एका भोकातलं सिमेंट निघता निघेना, ते तळमजल्यावरचे सुतारकाका पातळ स्क्रू-ड्रायव्हरने टोकरून देऊन गेले. मग तोच अर्धा मग पुन्हा ओतला. पाणी चारही भोकांतून बाहेर, आत एक थेंब नाही. खर्च शून्य.

चौकटीच्या बाहेरच्या बाजूने, भिंत आणि ॲल्युमिनियम जिथे मिळतात तिथे, जुनी लांबी (पुट्टी) सुटून नखभर फट पडली होती. हात पोचतो तेवढ्या भागात सिलिकॉन भरलं. नळी १८० रुपये, बंदूक काकांची. फट कोरडी ठणठणीत असेल तरच सिलिकॉन धरतं आणि पुढे निदान एक दिवस त्याला पाणी लागता कामा नये. म्हणजे हे काम मे महिन्यातच. जूनमध्ये आठवण झाली तर पुढच्या वर्षावर गेलं म्हणायचं.

२५ मे, रविवार

मृगाला अजून दोन आठवडे आहेत आणि मान्सून आज गोव्यात दाखल झाला. केरळात काल. निळं प्लास्टिक आणून ठेवलं होतं, बांधायचं बाकी होतं. भर पावसात बाल्कनीच्या ग्रीलला सुंभाने बांधलं, खालचं टोक मोकळं ठेवलं, नाहीतर वारा त्याचं शीड करतो. प्लास्टिक आणि दोरी मिळून ४५०. दुकानदाराने आठवडाभरात भाव चढवला होता, पाऊस लवकर आल्याची त्याला आमच्याआधी खबर असावी.

जुन्या घरांना पावसाळ्याआधी पश्चिमेच्या अंगाला झावळ्यांचे झाप बांधायचे ते याचसाठी. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीला पावसाची झड थेट लागू द्यायची नाही. चिरा सच्छिद्र, पाणी पितो आणि हळूहळू सोडतो. आमच्या इमारतीचा सांगाडा काँक्रीटचा असला तरी मधल्या भिंती चिऱ्याच्याच आहेत.

रुळातून पाणी आत आलेलं नाही.

८ जून, रविवार

पाऊस आला तसा दडी मारून बसला. मधल्या उघडिपीत कपड्यांचा हिशोब करून घेतला.

बॅगा तोलायचा काटा घरात होताच. मशीनमध्ये टाकण्याआधी कोरडे कपडे ४.१ किलो. धुऊन, पिळून बाहेर काढले तेव्हा ६.३ किलो. म्हणजे २.२ लिटर पाणी. गेल्या पावसाळ्यात हे कपडे पश्चिमेच्या बेडरूममध्ये दोरीवर पडायचे, कारण तिथेच जागा आहे.

आता खोलीचा हिशोब. दहा बाय दहा, उंची साडेनऊ फूट, म्हणजे २७ घनमीटर हवा. २७ अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २६ ग्रॅमच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात धरते. पावसाळ्यात हवा ८५ टक्क्यांवर असतेच, म्हणजे तिच्यात आधीच २२ ग्रॅम आहे. उरली जागा घनमीटरमागे चार ग्रॅम, अख्ख्या खोलीत शंभर-सव्वाशे ग्रॅम. आणि आपण तिथे बावीसशे ग्रॅम टांगतो. बाकीचं पाणी जाणार कुठे? गादीत, लाकडी कपाटाच्या पाठीत, पेटीत, भिंतीच्या गिलाव्यात.

हे कागदावर मांडल्यावर नवऱ्याने स्वतःहून दोरी सोडली.

१५ जून, रविवार

दोरी हॉलमध्ये आली. हॉलला पूर्वेची मोठी खिडकी आहे. पावसाळ्याचा वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पूर्वेची खिडकी आडोशाला पडते, पाऊस आत येत नाही. ती वीतभर उघडी, पंखा मधल्या वेगावर, बेडरूमची दारं बंद. रात्री नऊला टाकलेले कपडे सकाळी घडी करण्याजोगे होतात, फक्त जीन्सचे कंबरपट्टे आणि खिसे तेवढे राहतात. पूर्वी दोन दिवस लागायचे आणि वास यायचा तो वेगळाच. पंखा ७५ वॉटचा, दहा तास चालला तर पाऊण युनिट.

मशीनमध्ये पिळण्याची फेरी दोनदा लावायची. दुसऱ्या फेरीत आणखी दीड-दोनशे ग्रॅम पाणी निघतं, वीज नगण्य लागते.

सगळ्यात स्वस्त सुधारणा मात्र टॉवेलांची. टर्किश टॉवेल कोरडा ४८० ग्रॅम, ओला जवळजवळ किलोभर. तिघांचे तीन, रोज ओले, म्हणजे आंघोळीनंतर दीड लिटर पाणी आपण खांद्यावर टाकून घरात फिरवतो. चार सुती पंचे आणले, ४०० रुपये. पंचा दोन तासांत वाळतो. मुलीने "आजोबांसारखं" म्हणून नाक मुरडलं, तिसऱ्या दिवशी विसरली. टर्किश टॉवेल धुऊन, उन्हात वाळवून, पिशवीत बंद करून माळ्यावर गेले.

२२ जून, रविवार

स्वयंपाकघर. मापक ओट्यापासून चार हात लांब, फ्रिजवर.

उकड्या तांदळाची पेज उघड्या टोपात शिजवली तर आकडा ९१ वर जातो. तीच कुकरला लावली तर ८४. पेजेची चव वेगळी लागते ही तक्रार खरी आहे आणि ती मान्य करून कुकर चालू ठेवला. नुसती वाफ कमी होते असं नाही, गॅसही कमी जळतो, आणि गॅस स्वतः पाणी करतो हे फार जणांच्या लक्षात येत नाही. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं. आमचा १४.२ किलोचा सिलिंडर दीड महिना जातो, म्हणजे रोज साधारण तीनशे ग्रॅम गॅस आणि त्याचं अर्धा लिटर पाणी. स्वयंपाक होईपर्यंत पूर्वेची छोटी खिडकी उघडी, मधलं दार लोटलेलं.

बाथरूममध्ये १५० रुपयांचा वायपर ठेवला. आंघोळ झाली की लादी ओढून टाकायची आणि दार बंद. हा नियम पाळण्यात मुलगी पहिली, नवरा शेवटचा.

"खिडक्या उघड्या टाक, हवा खेळू दे" असं येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगतो. अर्धं खरं आहे. संततधारेत बाहेरची हवा ९० च्या वर असते, ती आत घेऊन काही कोरडं होत नाही. खिडकी उघडायची ती आपण आत तयार केलेली वाफ बाहेर घालवण्यापुरती: स्वयंपाक, आंघोळ, वाळत घातलेले कपडे, आणि सकाळी उठल्यावर, कारण झोपलेलं माणूस रात्रभरात पाव लिटरहून जास्त पाणी श्वासातून आणि घामातून सोडतं. एरवी पश्चिम बंद, पूर्व फटीपुरती.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

एवढं सगळं करून पश्चिमेची बेडरूम ८२-८४ वर थांबली आहे. गेल्या वर्षीच्या सवयीप्रमाणे कपडे टाकून एकदा मुद्दाम मोजलं तेव्हा ९४ होती. फरक मोठा आहे, भिंत हाताला कोरडी लागते. पण ८२ ला बुरशी थांबत नाही, सावकाश वाढते इतकंच. आणि ८२ च्या खाली अख्खी खोली आणणं आपल्या पैशांत होणार नाही. फटींतून सारखी बाहेरची हवा येते, तिला काय करणार.

सासूबाई एकादशीला डिचोलीहून आल्या आहेत. आकड्यांची वही बघून म्हणाल्या, "अगो, घर कधी कोरडं असायचं? आम्ही माळी कोरडी ठेवायचो." त्यांच्या माहेरी चुलीच्या वर माळी, म्हणजे छोटा माळा, होती. कोकमाची सोलं, सुके बांगडे, मिरच्या, पोथ्या, सोवळ्याचं वस्त्र, सगळं चार महिने तिथे. बाकी घर ओलं ते ओलंच.

हेच करायचं. घराचा नाद सोडायचा, एक कपाट धरायचं.

त्यामागचं गणित साधं आहे. हवेतलं पाणी तेवढंच ठेवून ती नुसती तापवली की तिची पाणी धरायची ताकद वाढते आणि टक्केवारी उतरते. २७ अंशाला ८५ टक्के असलेली हवा ३० अंशाला नेली की ७२ होते, ३२ च्या वर गेली की ६५ च्या आसपास. चार-पाच अंश वाढवायला अख्ख्या खोलीत हीटर लागेल. लाकडी कपाटात एक छोटा बल्ब पुरतो.

७ जुलै, सोमवार

कपाट. तीन फूट रुंद, साडेसहा फूट उंच, घरमालकीणबाईंचंच. आधी ते बाहेरच्या भिंतीपासून ओढून आतल्या भिंतीला लावलं आणि मागे चार बोटं जागा सोडली. पायांखाली चिऱ्याचे तुकडे. मागची प्लायवूड हाताला दमट लागत होती आणि तिच्यावर करडे ठिपके होते. ते कोरड्या फडक्याने झटकायचे नाहीत, बीजं खोलीभर उडतात. नाकाला कपडा बांधून, भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसले, फडकं टाकून दिलं, मग पंख्याखाली वाळू दिलं. फिनेल किंवा ब्लीच वापरणारे वापरतात. ब्लीच घेतलं तर त्यात संडासाचं ॲसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो.

बल्ब १५ वॉटचा, जुन्या पद्धतीचा, तारेचा. एलईडी इथे निरुपयोगी, तो तापत नाही हाच त्याचा गुण. चिनी मातीचा होल्डर, जाड वायर, आणि भोवती कोंबड्यांच्या जाळीचा पिंजरा, म्हणजे साडी घसरून पडली तरी बल्बला शिवणार नाही. सगळं मिळून २६०. वायरिंग नवऱ्याच्या कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनने बघून दिलं. बल्ब कपाटाच्या तळाला, कारण ऊब वर चढते. खालचा कप्पा त्याचाच, तिथे दुसरं काही ठेवायचं नाही. वरच्या फळ्यांना मागच्या बाजूने दोन बोटं फट ठेवली.

१५ वॉट दिवसरात्र म्हणजे महिन्याला ११ युनिट.

१३ जुलै, रविवार

आतले आकडे. बल्ब लावण्याआधी २७ अंश, ८३ टक्के. दुसऱ्या दिवशी मधल्या फळीवर ३१ अंश, ६७. सगळ्यात वर ३२, ६३. तळाशी उजव्या कोपऱ्यात, जिथे ऊब पोचत नाही, ७४.

साड्या, मुलीचा शाळेचा युनिफॉर्म, कागदपत्रांची फाईल, औषधं मधल्या फळ्यांवर. पेटी सगळ्यात वर. पेटीला ६० च्या आसपास बरं. फार कोरडी केली तर लाकूड आकसून भात्यातून हवा सुटते, हे भजनी मंडळातल्या पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांनी बजावलं.

मंगळवारी रात्री वीज गेली ती सकाळी आली. उजाडता कपाट ७७. वीज आल्यावर संध्याकाळपर्यंत पुन्हा ६८. दारं घट्ट असती तर इतकं चढलं नसतं. दारांच्या कडेला जुन्या चादरीच्या पट्ट्या चिकटवल्या.

चपलांच्या कपाटात कॅल्शियम क्लोराइडचे दोन डबे ठेवून पाहिले, दोन्हींचे ३५० रुपये. पंधरवड्यात दोन्ही मिळून दोन पेले पाणी जमलं. आपण रोज दोरीवर किती टांगतो ते वर लिहिलं आहे. बंद ट्रंकेत, बंद सुटकेसमध्ये हे डबे चालतात. खोलीच्या कोपऱ्यात ठेवून फोटो काढणाऱ्यांनी पैसे वाया घालवू नयेत. जमलेलं पाणी चामड्याला आणि लोखंडाला वाईट, सांडू देऊ नये.

२२ जुलै, मंगळवार

बाथरूमच्या पाठीमागची भिंत, जी दुसऱ्या बेडरूममध्ये येते, तिथे लादीपासून हातभर उंचीपर्यंत लोणा दिसू लागला आहे, बोट लावलं की पांढरी पूड.

प्लास्टिकचा वीतभर चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावून दोन दिवस सोडला. पाणी प्लास्टिकच्या बाहेरच्या अंगाला जमलं तर ते खोलीच्या हवेतलं. आतल्या अंगाला, भिंतीकडे जमलं तर ते भिंतीतूनच येतंय. आज काढलं: आतल्या बाजूने थेंबच थेंब. तोच प्रयोग पश्चिमेच्या खिडकीखाली केला तर दोन्ही बाजू कोरड्या. रुळाची भोकं!

म्हणजे बाथरूमच्या टाइल्सच्या सांध्यांतून पाणी मुरतंय. घरमालकीणबाईंना फोटो पाठवले. "करून घे, बिल मला दे" म्हणाल्या. सांधे खरवडून नवं ग्राउट भरलं, ६० रुपयांचं पाकीट. एक दिवस आंघोळी शेजाऱ्यांकडे. भिंतीतलं पाणी निघायला महिने लागतील, तोवर तिच्यावर रंग नाही, कॅलेंडरही नाही.

३० जुलै, बुधवार

आजपासून वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह. मंडळ गेलं, यंदा पेटी घरची. सगळ्या पट्ट्या मोकळ्या चालतात. वाटेत पावसात भिजू नये म्हणून दुहेरी प्लास्टिक, आणि आत सिलिका जेलच्या पुरचुंड्या. नारिंगी दाणे किलोभर घेतले होते, ३५० रुपये. पाणी प्यायले की हिरवे होतात, कढईत मंद आचेवर परतले की पुन्हा नारिंगी. जास्त आच दिली तर काळवंडतात आणि कामातून जातात.

१७ ऑगस्ट, रविवार

चवथीची साफसफाई. कपाटातल्या साड्या बाहेर काढल्या, वास नाही. माळ्यावरच्या टॉवेलांच्या पिशवीलाही नाही. पश्चिमेच्या बेडरूममधल्या गादीच्या खालच्या अंगाला मात्र करडी छटा आहे. पलंगाला पाट नसून सलग प्लाय आहे, गादीला खालून हवाच नाही. रोज सकाळी गादी भिंतीला तासभर उभी करायची.

पोदेराकडून (पाववाल्याकडून) घेतलेले उंडे पाव दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकतात. गेल्या वर्षी सकाळीच ठिपके दिसायचे. हे मोजमाप शास्त्रीय नाही, पण घरात सगळ्यांना पटलं ते हेच.

१ सप्टेंबर, सोमवार

पाच दिवस डिचोलीला होतो, गणपतीला. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला हात लागतात म्हणून मंगळवारीच गेलो. फ्लॅट बंद करून जाताना बल्बही बंद केला, कुणी नसताना चालू ठेवायला मन घेईना. कपाटात उरलेला सिलिका, पेटी बरोबर. दोन्ही मापक पश्चिमेच्या बेडरूममध्ये आणि हॉलमध्ये, जास्तीत जास्त आणि कमीत कमीची नोंद पुसून.

आल्यावर पाहिलं: बेडरूम ७८ ते ८३, हॉल ७७ ते ८४. बाहेर पाऊस रोज होता. म्हणजे बंद, रिकामं घर आमच्या असण्यापेक्षा कोरडं राहिलं. फरक चार-पाच टक्क्यांचा, पण दिशा स्पष्ट. घरातली ओल बरीचशी आम्हीच करतो, हे जूनमधल्या काट्याने सांगितलं होतंच.

कपाट ७२. बल्ब लावला.

२८ सप्टेंबर, रविवार

उघडीप वाढली आहे. ऊन कडक पडतं आणि दुपारी चारला धो धो. सकाळी दहा ते दोन पश्चिमेच्याही खिडक्या सताड उघड्या, गाद्या गच्चीवर. तळमजल्यावरच्या सुतारकाकांच्या घरी मात्र उलटं. त्यांची लादी अजून थंड आहे, बाहेरची गरम दमट हवा आत आली की लादीला घाम फुटतो. त्यांना सांगितलं, लादी कोरडी होईपर्यंत दुपारी दारं बंद ठेवा. काकी म्हणाल्या, उन्हाला दार बंद करायला सांगणारी ही पहिलीच.

१२ ऑक्टोबर, रविवार

दुपारी हॉल ६२. मिठाची पिशवी मोकळी झाली, दाणे सुटे. बल्ब काढून, जाळीसकट खोक्यात, वर तारीख लिहून. निळं प्लास्टिक धुऊन घडी केलं, एका कोपऱ्याला उन्हाने चिरा गेल्या आहेत, आणखी एक पावसाळा निघेल. सिलिकॉन हाताने दाबून पाहिलं, कुठे सुटलेलं नाही.

खर्च सगळा मिळून २,७२०, त्यातले ग्राउटचे ६० परत आले. पंख्याची आणि बल्बची वीज वेगळी. बिलात ती ओळखू येण्याइतकी नाही, ऑगस्टचं बिल उलट कमी आलं कारण पाच दिवस घर बंद होतं. डब्यांचे ३५० पुन्हा खर्च करणार नाही. त्या पैशात गादीखाली घालायला लाकडी पट्ट्या करून घेईन, काकांनी भाव सांगितला आहे.

काल घरमालकीणबाई स्वतः येऊन भिंती बघून गेल्या. पश्चिमेच्या खिडकीवरचा छज्जा जेमतेम वीतभर आहे, तो दिवाळीनंतर वाढवून देते म्हणाल्या. तेव्हा गवंड्याला सांगायच्या दोन गोष्टी: छज्जा निदान दीड फूट पुढे हवा, आणि त्याच्या खालच्या अंगाला कडेपासून दोन बोटं आत सलग खाच हवी, म्हणजे पाणी तिथेच तुटून खाली पडतं, उलटं वळून भिंतीकडे येत नाही. समोरच्या इमारतीच्या छज्ज्याला तशी खाच आहे, तिचा खालून फोटो काढून त्यांना पाठवला.